भिंतीपलीकडची भाषा

पूर्णेला रेल्वेच्या वसाहतीत आमच्या क्वार्टरची आणि नरसम्माच्या क्वार्टरची मधली भिंत एकच होती. तिनं तिच्या बाजूनं खुंटी ठोकली की आमच्या बाजूचा चुना गळायचा. माय भाकर थापता थापता परातीवर पदर धरायची आणि भिंतीकडं बघून म्हणायची, "ठोक बाई, ठोक. एक दिवस तुझी खुंटी आमच्या घरात निघंल." पलीकडून ठोकणं थांबायचं आणि नरसम्माचं हसू ऐकू यायचं. माय काय म्हणाली ते तिला कळलेलं नसायचं, पण मायच्या आवाजाला ती हसायची.

बाबा गँगमन होते. सकाळीच टोळीबरोबर चुडाव्याच्या बाजूनं लाइनीवर निघून जायचे आणि दिवस कलल्यावर अंगाला लोखंडाचा आणि घामाचा वास घेऊन परत यायचे. माय शिवारात मजुरीला जायची. निंदणी, खुरपणी, कापूस वेचणी, जे असेल ते. थोरला भाऊ शिकायला परभणीला काकांकडं होता. म्हणजे शाळा सुटल्यापासून माय येईपर्यंत घरात मी एकटी, आणि एकटी पोर घरात ठेवायची नाही म्हणून मी नरसम्माकडं. हे कुणी ठरवलं नव्हतं. पहिल्या दिवशी ओसरीत बसलेली बघून तिनं मला हात धरून आत नेलं आणि ताटलीत भात वाढला, एवढंच. आमच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर आहे म्हणून रांगेतल्या दोन-चार बायका नळावर हंडा अजून लांब धरायच्या. नरसम्मा आमच्याच कळशीतून पाणी ओतून घ्यायची. तिला त्यात काही विशेष वाटत नव्हतं. मायला मात्र वाटायचं, आणि ते माय कधी विसरली नाही.

नरसम्मा वरंगळकडची. तिचा नवरा राजय्यामामा इंजिनावर फायरमन होता. गाडी घेऊन गेला की कधी दुसऱ्या दिवशी, कधी तिसऱ्या दिवशी यायचा. डोळे लाल, कानाच्या पाळीत कोळसा. लग्नाला बरीच वर्षं होऊनही त्यांना मूल नव्हतं. त्यामुळं तो नसला की त्या घरात तिच्याशी तिच्या भाषेत बोलायला कुणी नसायचं. बाहेर ती मोडक्यातोडक्या हिंदीवर भागवायची, "पानी आया क्या", "तुम्हारा माँ आया क्या", तेवढंच. पण घरात ती दिवसभर बोलायची. चुलीशी बोलायची, तांदळातल्या खड्यांशी बोलायची, दारात येणाऱ्या कोंबडीला रागावायची, आणि उरलेलं सगळं माझ्याशी. मला ती कांतम्मा म्हणायची. मला कळतंय की नाही याची तिला फिकीर नव्हती. मीही मराठीत काहीतरी म्हणायचे, किंवा काहीच म्हणायचे नाही. चिंच कोळत, डोक्याला तेल लावत, माझी वेणी घालत ती बोलत राहायची आणि मी खडे खेळत राहायचे. मागून इंजिनाच्या शिट्ट्या, शंटिंग करताना डबे एकमेकांवर आदळल्याचा आवाज, लोकोशेडमधल्या घणाचा आवाज. त्या सगळ्यात तिचा आवाज एक.

जेवण आमचं वेगळं आणि तिचं वेगळं. आमच्याकडं ज्वारीची भाकर, वरण, तेलात परतलेल्या मिरच्यांचा ठेचा. तिच्याकडं भात आणि चारु, म्हणजे चिंचेचं पातळ सार, त्यात मिरं इतकं की नाकातून पाणी यावं. अंबाडी तेवढी दोन्ही घरांत चालायची. माय कण्या घालून भाजी करायची आणि वरून लसणाची फोडणी द्यायची. नरसम्मा तिलाच गोंगूरा म्हणायची आणि लाल मिरच्या घालून तिची चटणी वाटायची. वाट्या भिंतीला वळसा घालून इकडून तिकडं जायच्या. एकदा सणाला मायनं तिला जेवायला बसवलं होतं. माय पोळी वाढायला लागली तशी नरसम्मा ताटावर हात धरून म्हणाली, "चालु, चालु." मायला वाटलं, चालू ठेव म्हणतेय. तिनं आणखी एक वाढली. "चालु अम्मा, चालु!" मायनं आणखी एक वाढली आणि कौतुकानं बघायला लागली. मी पोळीचा तुकडा मोडत म्हणाले, "माय, पुरं म्हणायलीय ती." सगळे हसले, पोळी परत दुरडीत गेली. मला हे कुठून कळलं, असं कुणी विचारलं नाही, आणि माझ्याही ते मनात आलं नाही.

शाळेत माझं नाव भाषेच्या बाबतीत फार चांगलं नव्हतं. हिंदीचे गुरुजी लिंगवचनाचे तक्ते पाठ करून घ्यायचे. मी सकाळी ओसरीत येरझाऱ्या घालत घोकायचे आणि वर्गात उभी राहिले की सगळं पुसलेलं. "हिच्या टाळक्यात भाषा शिरतच न्हाई," असं ते एकदा बाबांना म्हणाले होते. बाबा मान खाली घालून ऐकत होते. पुढं मीच शिक्षिका झाले, जिल्ह्यातल्या खेड्यांवर आयुष्य काढलं. तांड्यावरची मुलं पहिलीत यायची ती घरची गोरमाटी बोलत. मी त्यांच्यासमोर चित्रं धरायचे, शब्द म्हणून घ्यायचे, आणि ती गप्प. दिवाळीनंतर मधल्या सुट्टीत बघावं, तर तीच मुलं गोट्या खेळताना चोख मराठीत भांडत असायची. माझ्या चित्रांतला एकही शब्द त्या भांडणात नसायचा. मी हसायचे, पण मनातून जरा खट्टूही व्हायचे. आपण शिकवलं म्हणून किती आलं आणि आपण शिकवत असूनही किती आलं, हा हिशोब मला अजून लागलेला नाही.

नरसम्माला दिवस गेले तेव्हा सगळी रांग तिच्याशी बोलायला लागली. माय तर पार तिच्या माहेरची झाली. जड उचलू नको, वाकू नको, हे सगळं हातवारे करून सांगायची. पोळा होऊन गेला होता, तिला आठवा लागला होता. त्या वर्षी पावसानं झड लावली होती, शिवारात वाफसा नव्हता, म्हणून माय त्या सकाळी घरीच होती. चूल पेटवताना तिनं भिंतीकडं कान दिला. पलीकडून ना भांडं वाजत होतं ना बोलणं. "आज आवाज न्हाई बाईचा," ती म्हणाली आणि हात पुसत बाहेर गेली. तिच्या मागं मी. नरसम्मा चटईवर एका अंगावर पडली होती. चेहरा घामानं भिजलेला, ओठ पांढरे. लुगड्यावर डाग होता. राजय्यामामा आदल्या दिवशी दुपारी गाडी घेऊन गेलेला, तो हैदराबादच्या बाजूला कुठंतरी असणार.

रेल्वेच्या लहान दवाखान्यातल्या बाईंनी नाडी बघितली आणि इथं काही होण्यासारखं नाही, परभणीला न्या, पॅसेंजर लागलेलीच आहे, असं सांगितलं. दोघा हमालांनी तिला खुर्चीत बसवून डब्यापर्यंत नेलं. मला कुठं ठेवणार, म्हणून मायनं मलाही ओढून घेतलं. डब्यात लोकांनी बाकडं रिकामं करून दिलं. नरसम्माचं डोकं मायच्या मांडीवर, पाय माझ्या मांडीवर. बाहेर दोन्ही अंगाला पिवळी पडलेली ज्वारी पाण्यात उभी. नरसम्मा डोळे मिटून एकसारखी बोलत होती. तिला येत होती तेवढी हिंदी त्या दिवशी कुठं गेली कोण जाणे. माय कपाळावरून हात फिरवत "हो बाई, हो बाई" म्हणत होती. पिंगळीला गाडी थांबली तेव्हा खिडकीतून एका म्हातारबाबांनी तांब्याभर पाणी दिलं. मायनं तिच्या ओठांना लावलं. ती प्याली आणि परत तेच बोलायला लागली.

मी ऐकत होते. काल संध्याकाळी नळापाशी शेवाळावरून ती घसरली होती. पोटावरच आपटली होती. उगीच गवगवा नको म्हणून कुणाला बोलली नव्हती. पहाटेपासून रक्त जात होतं. आणि सकाळपासून पोटातलं बाळ हलत नव्हतं. हे ती फिरून फिरून सांगत होती: "कडुपुल बिड्ड कदुल्तलेदु." मला रडू येत होतं, पण माय "हो बाई" म्हणत होती, म्हणजे मायला सगळं कळलंय आणि मोठी माणसं बघतील काय करायचं ते, असं मी धरून चालले होते. आज मागं बघताना मला सगळ्यात नवल याचंच वाटतं. ती दुसऱ्या भाषेत बोलतेय हे मला जाणवतच नव्हतं. ती काय म्हणतेय तेवढंच माझ्यापर्यंत पोचत होतं.

परभणीच्या मोठ्या दवाखान्यात तिला लगेच आत घेतलं. डॉक्टरीणबाई चष्म्याच्या, बारीक अंगाच्या, बोलायला शांत होत्या. पोट तपासता तपासता त्यांनी मायला विचारलं, "काय झालं? पडली का कुठं? कळा कधीपासून येतायत?"

"काय म्हाईत बाई," माय म्हणाली. "आमी शेजारी. सकाळी बघितलं तर अशी. वाटंनं नुसती बडबडायलीय, तिची भाषा मला न्हाई कळत."

मी मायकडं बघतच राहिले. "माय, ती कवाची सांगायलीय की."

"काय सांगायलीय?"

"काल नळापाशी घसरून पडले म्हणतीय. पोटावर. पहाटेपासून रक्त जायलंय. आन् बाळ हलंना म्हणतीय, सकाळपासून."

डॉक्टरीणबाई माझ्याकडं वळल्या. आतापर्यंत मी दाराच्या कोपऱ्यात होते, त्यांनी मला बघितलंही नसावं. "तुला कळतं ती बोलते ते?"

मी मान डोलावली. खरं म्हणजे मलाही ते त्याच क्षणी कळलं होतं.

"मग इकडं ये. तिच्या कानाशी बोल. विचार, पडल्यावर बाळ हललं होतं का? शेवटचं कधी हललं?"

समजणं वेगळं आणि बोलणं वेगळं. तोवर तेलुगूचा एक शब्द माझ्या तोंडातून गेला नव्हता. आता सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते, माय, डॉक्टरीणबाई, हातात ट्रे धरलेली नर्स. शाळेत उभं राहिल्यावर व्हायचं तसं डोकं पुसलं गेलं. मी नरसम्माच्या तोंडाजवळ वाकले. तिच्या केसांना तोच रोजचा खोबरेल तेलाचा वास येत होता. आणि शब्द आले. शोधावे लागले नाहीत. "अम्मा," मी म्हणाले, "निन्न पडिनंक बिड्ड कदिलिंदा?" काल पडल्यावर बाळ हललं का?

तिनं डोळे उघडले. ते डोळे मी विसरणं शक्य नाही. दुखणं बाजूला ठेवून ती माझ्याकडं बघत होती, जणू तिच्या गावचं कुणीतरी अचानक समोर उभं राहिलं होतं. मग तिनं भरभर सांगितलं. संध्याकाळी हललं होतं, रात्रीही हललं होतं, पहाटे एकदा जोरात, मग नाही. पोट दगडासारखं घट्ट झालंय, सैल पडतच नाही. मी एकेक वाक्य मराठीत केलं. डॉक्टरीणबाईंनी आणखी दोन प्रश्न विचारले, पोटाला नळी लावून बराच वेळ ऐकलं, आणि नर्सला म्हणाल्या, "ठोके आहेत. मंद आहेत. ऑपरेशनची तयारी करा, थांबायचं नाही." मग मला, "तिला सांग, बाळ आहे. पोट उघडून काढावं लागेल. घाबरायचं नाही."

मी सांगितलं. बाळ आहे हे ऐकल्यावर तिनं माझं मनगट धरलं. "नुव्वु पोकु, कांतम्मा." तू जाऊ नको.

"पोनु अम्मा," मी म्हणाले. "इक्कडने उंट." इथंच आहे.

ढकलगाडी दारातून आत गेली तेव्हा तिची बोटं नर्सला सोडवावी लागली.

आम्ही व्हरांड्यात लिंबाच्या झाडासमोर बाकावर बसलो. पाऊस उघडला होता. मायच्या लुगड्याला नरसम्माचं रक्त लागलं होतं, ती ते चिमटीत धरून बसली होती.

"कवा शिकवली गं तुला तिनं?" तिनं विचारलं.

"न्हाई शिकवली."

"मग आली कशी?"

"म्हाईत न्हाई. ती बोलती, मी आसते तिथं."

माय म्हणाली, "मी बी शेजारीच ऱ्हायते की. मला का न्हाई आली?" आणि मी काही म्हणायच्या आत स्वतःच, लिंबाकडं बघत, "मी घरी आसते कवा म्हणा."

तेव्हा मला त्या बोलण्यात काही दिसलं नाही. मुलगी सांभाळायची म्हणून शेजारी ठेवली, आणि ती मुलगी दुसऱ्या बाईच्या तोंडची भाषा पिऊन मोठी झाली, हे मायला त्या बाकावर कळलं होतं. माझी मुलगी पाळणाघरात जायला लागली आणि तिथल्या ताईंच्या लकबीत बोलायला लागली, तेव्हा मायचं ते वाक्य माझ्या पुढ्यात येऊन उभं राहिलं. रागानं बोलली नव्हती ती. हिशोबही मांडला नव्हता. नुसतं लक्षात आलं होतं तिच्या.

दुपार कलता कलता नर्स बाहेर आली आणि म्हणाली, मुलगी आहे, अगदी बारकी आहे, पण रडली. माय तिथंच जमिनीवर बसली आणि पदर तोंडाला लावून रडली. नरसम्मा शुद्धीवर आल्यावर तिनं पहिल्यांदा मुलीबद्दल विचारलं आणि दुसऱ्यांदा माझ्याबद्दल. "एवरु नेर्पिन्रु नीकु?" कुणी शिकवलं तुला? मी मायला दिलं तेच उत्तर द्यायला हवं होतं, पण आता सगळं ओसरल्यावर मला भयंकर लाज वाटायला लागली आणि मी मराठीत म्हणाले, "असंच." दुसऱ्या दिवशी राजय्यामामा आला. तो थेट इंजिनावरून आला होता, तोंडही धुतलेलं नव्हतं. त्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवला, तेलुगूत काहीतरी लांबलचक बोलला आणि मग बाहेर जाऊन व्हरांड्याच्या खांबाला टेकून उभा राहिला.

घरी आल्यावर मी ठरवलं की आता तेलुगू नीट शिकायची. नरसम्मालाही ते पटलं. पाटी घेतली. तिनं जिलबीसारखी गोल गोल अक्षरं काढली, मी गिरवली. ती वस्तूकडं बोट दाखवायची, मी नाव सांगायचं. आणि गंमत म्हणजे पाण्याला काय म्हणतात असं कुणी समोर बसून विचारलं की माझी जीभ अडायची. तीही शिकवताना वेगळीच व्हायची, सावकाश, मोठ्यानं, गुरुजींसारखी बोलायची. थोड्याच दिवसांत दोघी कंटाळलो. पाटी चुलीमागं गेली, ती पूर्वीसारखी तांदळाशी बोलायला लागली, आणि मी पूर्वीसारखी ऐकायला लागले. फरक एवढाच की आता कधी कधी मी उत्तर द्यायचे.

मुलीचं नाव सरोजा ठेवलं. नरसम्माची आई वारलेली, सासर लांब, म्हणून बाळंतपण मायनं केलं. डिंक, खारीक, खोबरं, शेक, धुरी, सगळं. काही दिवस माय मजुरीलाही गेली नाही. पोरीला पायावर घेऊन न्हाऊ घालताना ती तिच्याशी अखंड बोलायची, "काय झालं माज्या सोनीला, लय भूक लागलीय व्हय," आणि मला वाटायचं, माझ्याशी ही इतकं कधी बोलली असेल. नरसम्मा पूर्ण बरी व्हायला वेळ लागला. पोर बहुतेक वेळ मायच्याच खांद्यावर असायची. बोलायला लागली तेव्हा तिनं नरसम्माला अम्मा म्हटलं आणि मायला माय म्हटलं, आणि चमच्यानं चारु भात भरवणाऱ्या आईला तोंड फिरवून ठसक्यात सांगितलं, "न्हाई." नरसम्मा इतकी हसली की तिच्या हातातला भात सांडला.

सरोजा पळायला लागली होती तेव्हा राजय्यामामाची बदली झाली. सामान ब्रेकमध्ये, म्हणजे गार्डाच्या डब्यात, चढलं. माय स्टेशनवर आलीच नाही. शिवारात काम आहे म्हणून सकाळीच निघून गेली. त्या दिवशी शिवारात काही काम नव्हतं, हे बाबांनाही ठाऊक होतं. मग भिंतीपलीकडं दुसरं बिऱ्हाड आलं, नांदेडकडचं. माझी तेलुगू कधी गेली ते सांगता येणार नाही. आली तशीच गेली, पाऊल न वाजवता.

माझ्या लग्नाला ते तिघं आले. मधे काही वर्षं गेली होती. नरसम्मा जाड झाली होती, राजय्यामामाचे केस पांढरे. सरोजा दोन वेण्या घातलेली, शाळेत जाणारी, आईच्या पदरामागं उभी. माय तिच्याकडं बघून थबकली आणि पुढं होऊन म्हणाली, "वळखलं का मला?" पोरीनं आईकडं बघितलं. नरसम्मा तिच्या हिंदीत म्हणाली, "मराठी कुछ नहीं आता उसको. सब भूल गयी." माय "आसू दे, आसू दे" म्हणाली आणि चुलीकडं वळली.

दुसऱ्या दिवशी सकाळी घर पाहुण्यांनी भरलेलं होतं. मी हळदीच्या अंगानं आतल्या दाराशी बसले होते. माय चुलीपुढं, पाठमोरी, बुंदीच्या पाकात गुंतलेली. सरोजा माझ्याजवळ माझ्या बांगड्या मोजत बसली होती. दूध उतू जायला आलं तसं माय मागं न बघताच, घाईत, कुणाला म्हणून नव्हे, म्हणाली, "दार लोट गं बाई तेवढं, मांजर शिरंल."

सरोजा उठली, गेली आणि दार लोटून आली. परत माझ्याजवळ बसताना तिनं मधेच थांबून त्या दाराकडं बघितलं, मग मायच्या पाठीकडं. माय वळली होती. पातेल्यावरचा तिचा हात तसाच होता आणि दूध उतू चाललं होतं.